परदेशात खेळणाऱ्या फुटबॉलरचं करिअर : सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लबना प्लेयर घ्यायला-विकायला ठरवून दिलेला काळ, उघडली की तेच तेच प्रश्न येतात. पैसे कोणाला मिळाले, वर्क परमिट का अडकलं, हा बेंचवर का बसलाय, लोन म्हणजे नक्की काय. दरवेळी वेगवेगळं उत्तर टाईप करायचा कंटाळा आलाय म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. वरपासून खालपर्यंत वाचायची सक्ती नाही, हवा तो प्रश्न गाठा.

नेमार 222 मिलियन युरोला गेला म्हणजे नेमारला 222 मिलियन मिळाले का?

नाही हो. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे. ट्रान्सफर फी एक क्लब दुसऱ्या क्लबला देतो, कारण प्लेयरचं कॉन्ट्रॅक्ट अजून संपलेलं नसतं आणि जुना क्लब त्याला मोकळं करायची किंमत मागतो. 2017 ला बार्सिलोनाहून पॅरिसच्या पीएसजी क्लबला जाताना नेमारचे 222 मिलियन बार्सिलोनाच्या खात्यात गेले. त्यातही गंमत आहे, स्पेनमध्ये 1985 च्या एका कायद्यामुळे प्लेयरला ठराविक रक्कम भरून कॉन्ट्रॅक्ट मोडायचा हक्क आहे, त्यालाच आपण रिलीज क्लॉज म्हणतो, आणि कागदावर ती रक्कम प्लेयर स्वतः भरतो, म्हणजे पैसे येतात नव्या क्लबकडून पण भरणारा म्हणून नाव प्लेयरचं.

प्लेयरला मिळतो तो पगार, सही करताना मिळणारी रक्कम, गोल, मॅच आणि ट्रॉफीचे बोनस, आणि मोठा प्लेयर असेल तर इमेज राईट्स, म्हणजे त्याचं नाव-चेहरा जाहिरातीत वापरायचे पैसे. म्हणूनच फी शून्य असली की प्लेयर जास्त खूश असतो, वाचलेल्या फीमधला वाटा सायनिंग बोनस म्हणून त्याच्याच खिशात येतो.

मग ज्या छोट्या क्लबने त्याला लहानपणी शिकवलं त्यांना काहीच नाही?

मिळतं, आणि फिफाच्या नियमांमधला मला आवडणारा भाग हाच आहे. एका देशातून दुसऱ्या देशात फी देऊन ट्रान्सफर झाली की फीच्या 5 टक्के रक्कम प्लेयर 12 ते 23 वयात जिथे जिथे खेळला त्या क्लबांमध्ये वाटली जाते, याला सॉलिडॅरिटी म्हणतात. 12 ते 15 या वयासाठी वर्षाला 0.25 टक्का, 16 पासून 23 पर्यंत वर्षाला 0.5 टक्का. समजा फी 20 मिलियन युरो आहे आणि एखाद्या गल्लीतल्या क्लबकडे पोरगा 12 ते 15 अशी चारही वर्षं होता, तर त्या क्लबला 2 लाख युरो, ते पण पोरगा तिथून जाऊन दहा वर्षं झाल्यावर. एवढ्यात छोट्या क्लबचं नवं मैदान होऊन जातं.

याशिवाय ट्रेनिंग कॉम्पेन्सेशन, म्हणजे पोराला घडवल्याची भरपाई, वेगळं, ते पहिलं प्रोफेशनल कॉन्ट्रॅक्ट होताना आणि नंतर 23 वर्षं होतात त्या वर्षाच्या अखेरपर्यंत दुसऱ्या देशात प्रत्येक ट्रान्सफरला. पूर्वी हे पैसे मागायला छोट्या क्लबला वकील लावावा लागायचा, कित्येकांना आपला हक्क आहे हेच माहीत नसायचं. 2022 पासून फिफाचं क्लियरिंग हाऊस पॅरिसमधून हा हिशोब करतं.

परदेशात खेळणारे सगळे श्रीमंत असतात ना?

टीव्हीवर दिसतात ते असतात. फिफप्रो ही जगभरच्या प्लेयर्सची युनियन आहे, त्यांनी 2016 मध्ये 50 हून जास्त देशांतल्या सुमारे 14 हजार प्लेयर्सचा सर्व्हे केला होता. त्यात 45 टक्के प्लेयर्स महिन्याला 1000 डॉलरपेक्षा कमी कमावत होते, आणि 41 टक्क्यांना मागच्या दोन सीझनमध्ये कधी ना कधी पगार उशिरा मिळाला होता. परदेशात खेळतो म्हणजे प्रीमियर लीगच असं नसतं, कुठल्यातरी सेकंड डिव्हिजनमध्ये, क्लबने दिलेल्या खोलीत दुसऱ्या दोन प्लेयर्सबरोबर राहून, एका वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर खेळणारेच जास्त.

कितव्या वर्षी परदेशात जाता येतं?

साधा नियम : 18 पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या देशाच्या क्लबला ट्रान्सफर नाही. अपवाद थोडे आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर चालतं, युरोपियन युनियनच्या आतल्या आत 16 ला चालतं, आणि बॉर्डरजवळ राहणाऱ्यांसाठी 50 किलोमीटरची एक सवलत आहे. इंग्लंड ब्रेक्झिटनंतर त्या 16 वाल्या सवलतीतून बाहेर पडलं.

लगेच कोणीतरी म्हणणार की मेस्सी तर 13 व्या वर्षी रोझारिओहून बार्सिलोनाला गेला. गेला, पण ते साल 2000, आणि हा कडक नियम आला 2001 मध्ये. त्याआधी तर काहीही चालायचं, जपानचा काझुयोशी मिउरा 1982 मध्ये 15 व्या वर्षी एकटा ब्राझीलला गेला होता. आता क्लब असं करायला गेले तर मार खातात, या नियमावरून बार्सिलोनाला 2014 मध्ये ट्रान्सफर बंदी झाली, 2016 ला रियाल आणि अ‍ॅटलेटिको माद्रिदला, 2019 ला चेल्सीला.

"वडिलांना तिकडे नोकरी लागली" ही पळवाट क्लब वापरतात हे फिफालाही माहीत आहे, त्यामुळे आईवडिलांच्या नोकरीची कागदपत्रं आता नीट चाळली जातात.

मोठ्या क्लबची ऑफर असताना छोट्या लीगमध्ये कशाला जायचं?

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण करिअर बनतं किंवा बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच आणि फॅन लोक नेमकं इथेच चुकीचं ओरडतात.

18 ते 23 या वयात प्लेयरची खरी कमाई म्हणजे मिनिटं. मैदानावरची मिनिटं. पगार नंतर वाढवून घेता येतो, बेंचवर गेलेली दोन वर्षं कोणी परत देत नाही. मोठ्या क्लबच्या ट्रेनिंगला रोज जगातले बेस्ट प्लेयर्स भेटतात हे खरंय, पण रविवारी 70 व्या मिनिटाला एक गोलने मागे असताना, पाय जड झालेले असताना बॉल कोणाला द्यायचा हे ट्रेनिंगमध्ये शिकता येत नाही.

क्रोएशियाच्या मॉड्रिचचं बघा. 18 व्या वर्षी डायनामो झाग्रेबने त्याला लोनवर, म्हणजे काही काळ दुसऱ्या क्लबकडे खेळायला, बोस्नियात पाठवलं, झ्रिंस्की मोस्टारला. खराब मैदानं, धसमुसळे डिफेंडर, आणि हा एवढासा पोरगा. तिथे एक सीझन, मग इंटर झाप्रेशिचला अजून एक लोन, मग कुठे झाग्रेबच्या टीममध्ये जागा. 2008 ला टॉटनहॅम, 2012 ला रियाल माद्रिद आणि 2018 ला बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या बेस्ट प्लेयरचा पुरस्कार. मोस्टारला जाताना आपण कोणी असतो तर म्हणालो असतो, संपला हा.

इजिप्तच्या सलाहचं उलट झालं. स्वित्झर्लंडच्या बासेलमध्ये मस्त चाललं होतं, जानेवारी 2014 मध्ये चेल्सीने उचलला आणि बेंचवर ठेवला. एका वर्षाने फिओरेंटिनाला लोन, मग रोमा, आणि 2017 ला लिव्हरपूल, जिथे पहिल्याच सीझनला लीगमध्ये 32 गोल. बेल्जियमचा डी ब्रुयना पण त्याच चेल्सीत हातावर मोजण्याइतक्या मॅच खेळून जर्मनीच्या वोल्फ्सबर्गला गेला आणि तिथून 2015 ला मँचेस्टर सिटी. दोघंही चेल्सीत वाईट नव्हते, मिनिटंच नव्हती. आणि हे दोघं परत वर आले म्हणून आपल्याला नावं माहीत, जे आले नाहीत त्यांची नावं मी इथे लिहिली तरी तुम्ही म्हणाल कोण हा.

नॉर्वेच्या हालांडच्या घरच्यांनी हे बरोबर ओळखलं असं मला वाटतं. मोल्डे, मग साल्झबर्ग, मग डॉर्टमुंड, मग सिटी. प्रत्येक पायरीवर त्याला खेळायला मिळालं, कुठेही दोन वर्षं वाट बघत बसला नाही. ऑस्ट्रियातल्या त्याच साल्झबर्गहून सेनेगलचा माने पण वर गेला. ऑस्ट्रिया, बेल्जियम, नेदरलँड्स, पोर्तुगाल या लीगना लोक "छोट्या" म्हणतात पण तिथल्या क्लबांचा धंदाच मुळी तरुण प्लेयर खेळवून विकण्याचा आहे, म्हणजे तुम्हाला खेळवण्यात त्यांचाच फायदा. मोठ्या क्लबला तुम्हाला खेळवण्याची काहीही घाई नसते.

त्यामुळे ऑफर आली की प्लेयरने विचारायचा प्रश्न पगार किती हा नाही, माझ्या जागेवर आत्ता कोण खेळतोय, त्याचं वय काय, त्याचं कॉन्ट्रॅक्ट कधी संपतंय आणि मला बोलावलंय ते कोचने की फक्त स्पोर्टिंग डायरेक्टरने, म्हणजे खरेदी-विक्री बघणाऱ्या माणसाने, हे आहेत. कोचला नको असलेला प्लेयर म्हणजे घरात आलेला न बोलावलेला पाहुणा.

इंग्लंडचं वर्क परमिट एवढं का अडकतं?

1 जानेवारी 2021 पासून तिथे पॉइंट सिस्टिम आहे. देशाकडून किती टक्के इंटरनॅशनल खेळला आणि त्या देशाचं फिफा रँकिंग काय, क्लबकडून लीगमध्ये किती मिनिटं, ती लीग कुठल्या दर्जाची, क्लब कितवा आला, युरोपियन कप खेळला का, या सगळ्याचे पॉइंट. 15 झाले की पास. वरच्या रँकिंगच्या देशाचा रेग्युलर इंटरनॅशनल असेल तर बाकी काही बघतच नाहीत. बघा, परत मिनिटंच आली. मोठ्या क्लबच्या बेंचवर बसलेल्या पोरापेक्षा मध्यम लीगमध्ये दर आठवड्याला खेळणाऱ्याचा कागद जड होतो.

2023 पासून थोडी सूट आहे, प्रीमियर लीग आणि तिच्या खालच्या डिव्हिजनच्या, चॅम्पियनशिपच्या, क्लबना पॉइंट न भरणारे चारपर्यंत प्लेयर घेता येतात, पण त्या जागा क्लबने स्वतःच्या इंग्लिश प्लेयर्सना किती खेळवलं त्यावर मिळतात.

बाकी देशांत फॉरेन प्लेयर्सची लिमिट असते का?

बहुतेक ठिकाणी काहीतरी असतं, आणि दर एकदोन वर्षांनी बदलतं. स्पेनमध्ये युरोपियन युनियनबाहेरच्यांसाठी मोजक्या जागा असतात, म्हणून दक्षिण अमेरिकेचे प्लेयर तिथे गेले की नागरिकत्वाच्या मागे लागतात, त्यांना दहाऐवजी दोन वर्षं कायदेशीर राहिलं की अर्ज करता येतो. मेस्सीला 2005 ला मिळालं, विनिशियसला 2022 ला. नागरिकत्व मिळालं की क्लबची एक फॉरेन जागा मोकळी होते, म्हणजे पासपोर्टमुळे प्लेयरची किंमत वाढते.

अमेरिकेच्या लीगमध्ये, एमएलएसमध्ये, इंटरनॅशनल स्लॉट म्हणजे फॉरेन प्लेयरच्या जागा मोजून असतात आणि क्लब ते एकमेकांना विकतात सुद्धा, पण ग्रीन कार्ड असेल तर अमेरिकन क्लब त्याला डोमेस्टिक धरतात. आशियाच्या फुटबॉल संघटनेने, एएफसीने, 2024-25 पासून आपल्या क्लब स्पर्धेत, चॅम्पियन्स लीग एलिटमध्ये, फॉरेनर लिमिट काढूनच टाकली, मात्र देशोदेशीच्या लीगचे नियम आपापले.

बॉसमन बॉसमन म्हणतात ते काय?

जाँ-मार्क बॉसमन, बेल्जियमचा साधा मिडफिल्डर. 1990 ला लिएज क्लबशी कॉन्ट्रॅक्ट संपलं, त्याला फ्रान्सच्या डंकर्कला जायचं होतं. तेव्हा कॉन्ट्रॅक्ट संपलं तरी जुना क्लब फी मागू शकायचा. फीचं जमलं नाही, लिएजने पगार एकदम खाली आणला, हा अडकला. पाच वर्षं कोर्टात लढला आणि 15 डिसेंबर 1995 ला युरोपियन कोर्टाने सांगितलं की कॉन्ट्रॅक्ट संपलेल्या प्लेयरसाठी फी मागता येणार नाही आणि युरोपियन युनियनच्या नागरिकांवर फॉरेनर लिमिटही लावता येणार नाही.

आज कॉन्ट्रॅक्टचे शेवटचे सहा महिने राहिले की प्लेयर दुसऱ्या क्लबशी सही करून ठेवू शकतो ते या केसनंतरचंच. मॅकमॅनमन 1999 ला लिव्हरपूलहून रियालला असाच फुकटात गेला, एम्बापे 2024 ला पीएसजीहून. बॉसमनचं स्वतःचं करिअर मात्र त्या पाच वर्षांत संपलं.

ट्रान्सफरच्या दिवशी नक्की काय होतं?

बाहेरून दिसतं जर्सी हातात धरलेला फोटो. आत कागदांचा ढीग. आधी मेडिकल, कारण फिफाच्या नियमाप्रमाणे कॉन्ट्रॅक्टमध्ये "मेडिकल पास झाला तरच" किंवा "वर्क परमिट मिळालं तरच" अशी अट घालता येत नाही, सही झाली की झाली. म्हणून क्लब सही करायच्या आधी प्लेयरच्या गुडघ्यापासून हार्टपर्यंत सगळं तपासून घेतात. 2000 मध्ये व्हॅन निस्टलरॉय मँचेस्टर युनायटेडला जाणार होता, गुडघ्याच्या शंकेवरून डील थांबलं आणि लगेचच ट्रेनिंग करताना त्याच गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. युनायटेडने एक वर्ष थांबून 2001 ला घेतलाच त्याला, ते वेगळं.

मग दोन्ही क्लब फिफाच्या ऑनलाइन सिस्टिममध्ये, टीएमएसमध्ये, माहिती भरतात. 2010 पासून हे कंपल्सरी आहे. दोन्हीकडची माहिती जुळली की जुन्या देशाची फेडरेशन नव्या देशाच्या फेडरेशनला इंटरनॅशनल ट्रान्सफर सर्टिफिकेट देते, ते नसेल तर प्लेयर रजिस्टरच होत नाही, मग तो कितीही कोटींचा असो.

आणि घड्याळ कोणाचं ऐकत नाही. 31 ऑगस्ट 2015 ला मँचेस्टर युनायटेडच्या गोलकीपर डे हेयाचं रियालला जाणं कागद उशिरा पोचल्यामुळे फसलं. त्याहून वाईट एड्रियन सिल्वाचं, 2017 ला तो पोर्तुगालच्या स्पोर्टिंगहून इंग्लंडच्या लेस्टरला गेला, कागद 14 सेकंद उशिरा पोचले. चौदा सेकंद! फिफाने ऐकलं नाही. जुन्या क्लबने विकलेला, नव्या क्लबला खेळवता येत नाही, तेलही गेलं तूपही गेलं, जानेवारीपर्यंत नुसतं ट्रेनिंग.

एका सीझनमध्ये किती क्लब बदलता येतात?

साधारणपणे रजिस्ट्रेशन तीन क्लबांशी, पण ऑफिशियल मॅच दोनच क्लबांकडून. म्हणून जानेवारीत कधीकधी एखादा प्लेयर जायला तयार, क्लब घ्यायला तयार आणि तरी काहीच होत नाही.

लोनवर जाणं म्हणजे क्लबने टाकून दिलं का?

कधीकधी हो, खोटं कशाला बोलू. पण 19-20 वर्षांच्या पोराला लोन म्हणजे मिनिटं मिळवायचा रस्ता. पूर्वी काही मोठे क्लब तीस-तीस पोरं लोनवर फिरवायचे, त्यातली कित्येक क्लबच्या पहिल्या टीममध्ये एकदाही दिसली नाहीत. आता फिफाने आवर घातलाय, जुलै 2024 पासून एका क्लबला एका वेळी जास्तीत जास्त 6 इंटरनॅशनल लोन देता येतात आणि 6 घेता येतात, वय 21 पर्यंत आणि शिवाय क्लबने स्वतःच घडवलेले, असे दोन्ही अटींत बसणारे प्लेयर सोडून. लोन एक वर्षापेक्षा जास्त नाही आणि लोनवर आलेल्याला पुढे अजून कोणाला लोनवर द्यायचं नाही.

लोन चांगलं की वाईट हे ओळखायची माझी साधी पद्धत म्हणजे त्याच्या क्लबचा माणूस त्याची मॅच बघायला जातो का आणि लोन संपायच्या आधी त्याच्याशी कोणी बोलतं का. तसं काही नसेल तर प्लेयरने दुसरीकडे बघायला लागावं.

पगारच आला नाही तर?

होतं हे, आणि फक्त गरीब लीगमध्ये होतं असं नाही. दोन महिन्यांचा पगार थकला तर प्लेयरने क्लबला लेखी नोटीस द्यायची, पूर्ण भरायला किमान 15 दिवस द्यायचे, तरी नाही आला तर कॉन्ट्रॅक्ट योग्य कारणाने संपवता येतं आणि उरलेल्या कॉन्ट्रॅक्टची भरपाई मागता येते. लेखी हा शब्द लक्षात ठेवा. प्रेसिडेंट हसून "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणाला याला काही किंमत नाही.

नोटीस न देता रागाने बॅग भरून घरी निघून जाणं ही सगळ्यात महागडी चूक, मग क्लबच उलटा म्हणतो हा पळाला. आणि सही केलेल्या कॉन्ट्रॅक्टची एक कॉपी स्वतःजवळ ठेवायची. हे लिहायची गरज पडू नये पण पडते, केस करायला गेल्यावर कळतं की कॉपी फक्त क्लबकडे आहे, ती पण अशा भाषेत जी प्लेयरला वाचता येत नाही.

कॉन्ट्रॅक्ट मधेच तोडून जाता येतं का?

येतं, पण भरपाई द्यावी लागते आणि सुरुवातीच्या काळात तोडलं तर चार महिने बंदी पण येऊ शकते. तो काळ 28 च्या आत सही केली असेल तर तीन वर्षं किंवा सीझन, 28 नंतर केली असेल तर दोन. म्हणून 27 च्या माणसाचं चार वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट आणि 29 च्या माणसाचं चार वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट एकसारखं घट्ट नसतं.

रुमानियाच्या मुतूचं उदाहरण फेमस आहे, 2004 ला कोकेन टेस्टमध्ये सापडला, चेल्सीने काढला आणि कॉन्ट्रॅक्ट त्यानेच मोडलं असं धरून नंतर त्यालाच 17 मिलियन युरोहून जास्त भरपाई द्यायचा आदेश झाला. फ्रान्सच्या लसाना दियाराला रशियाच्या लोकोमोटिव्ह मॉस्को क्लबशी वाद झाल्यावर 10.5 मिलियन युरो भरायचा आदेश झाला, वर नवा क्लब भीतीने घेईना, कारण नियमाप्रमाणे भरपाईची जबाबदारी नव्या क्लबवरही यायची. 4 ऑक्टोबर 2024 ला युरोपियन कोर्टाने सांगितलं की असे काही नियम युरोपियन कायद्यात बसत नाहीत, मग फिफाला ते बदलायला लागले. बॉसमनएवढं मोठं होईल का यावर वकील लोक भांडतायत, मला वाटतं परिणाम हळूहळू दिसेल.

एजंट लागतोच का?

कायद्याने नाही लागत. पण परक्या भाषेतलं 30 पानी कॉन्ट्रॅक्ट वाचायला कोणीतरी लागतं, निदान वकील तरी. फिफाने 2023 पासून एजंट लोकांना परत परीक्षा आणि लायसन्स लावलंय, लायसन्स आहे की नाही ते फिफाच्या साईटवर बघता येतं. कमिशनवर पण मर्यादा घातली होती, ती बऱ्याच देशांत कोर्टात अडकली. एजंटशी करार जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो, कोणी पाच वर्षांचा पेपर पुढे केला तर तिथेच उठायचं.

ट्रायलसाठी एजंट पैसे मागतोय, द्यावे का?

नाही. क्लबला तुम्ही हवे असाल तर खर्च क्लब करतो. पश्चिम आफ्रिकेतल्या हजारो पोरांना असंच "युरोपात ट्रायल आहे" सांगून घरच्यांची जमीन विकायला लावली आणि मग पॅरिसमध्ये हॉटेलच्या खोलीत सोडून देऊन एजंट गायब. अशा पोरांसाठी फुट सॉलिडेअर नावाची संस्था पॅरिसमध्ये 2000 साली सुरू झाली, यावरून समजा हा प्रकार किती जुना आहे. ट्रायलचं पत्र आलं की त्या पत्रावरच्या नंबरला फोन करायचा नाही, क्लबच्या साईटवरचा नंबर शोधून तिथे विचारायचं. आणि ट्रायलला टूरिस्ट व्हिसावर चल म्हणणाऱ्याबरोबर तर बिलकुल जायचं नाही.

भाषा आली नाही तर चालतं?

मैदानावर चालून जातं, माणूस म्हणून चालत नाही. पास दे, मागे माणूस आहे, वेळ आहे, एवढे दहा-पंधरा शब्द आठवड्यात येतात. पण फिजिओला दुखणं नक्की कसं आहे हे सांगता आलं नाही तर काय? ड्रेसिंग रूममध्ये सगळे हसतात आणि तुम्ही अर्ध्या सेकंदाने उशिरा हसता, हे दहा महिने रोज. सॉन ह्युंग-मिन 16 व्या वर्षी कोरियाहून हॅम्बुर्गला गेला आणि जर्मन शिकून बसला, पुढच्या जर्मन क्लबला, लेव्हरकुसेनला, पण कामी आलं. नामांकित कोच मोरिन्यो सुद्धा मोठ्या फुटबॉलमध्ये आला तो स्पोर्टिंगमध्ये इंग्लिश कोच बॉबी रॉबसनचा दुभाषी म्हणून, म्हणजे भाषा येणाऱ्याला दरवाजे कसे उघडतात बघा.

घरची आठवण येऊन परत येणारे असतात का खरंच?

असतात, आणि ते "कमजोर" नसतात. स्पेनच्या हेसुस नावासला आपलं सेव्हिया शहर सोडून प्री-सीझन कॅम्पला जायचं म्हटलं तरी अँक्झायटीचे झटके यायचे, 2006 ला चेल्सीला जायची बोलणी त्यावरूनच बारगळली. त्याने मदत घेतली, हळूहळू बाहेर राहायची सवय केली, 2010 चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या टीममध्ये होता, आणि 2013 ला मँचेस्टर सिटीला गेला तो चार वर्षं राहिला. सात वर्षं लागली त्याला तिथे पोचायला. हे मी सारखं सांगतो कारण फॅनला वाटतं एवढा पगार आहे मग रडतो कशाला.

सगळ्यात वाईट वेळ इंज्युरीची. खेळत असताना दिवस भरलेला असतो, टीम असते. गुडघा बांधून सहा महिने एका फ्लॅटमध्ये, टीम दौऱ्यावर, बायको-पोरं दुसऱ्या टाइम झोनमध्ये. कॉन्ट्रॅक्टमध्ये घरच्यांची विमानाची तिकिटं आणि मुलांची शाळा लिहून घेणारे प्लेयर हुशार.

वर्णद्वेषाचं काय?

आहे, आणि क्लबच्या पत्रकाने जात नाही. मे 2023 मध्ये व्हॅलेन्सियाच्या मैदानावर रियाल माद्रिदच्या विनिशियसला वर्णद्वेषी शिव्या देणाऱ्या तिघांना जून 2024 मध्ये आठ महिन्यांची शिक्षा झाली, स्पेनमध्ये फुटबॉल मैदानावरच्या वर्णद्वेषासाठी अशी शिक्षा पहिल्यांदाच. तोपर्यंत तो बिचारा सांगत होता आणि लोक म्हणत होते हाच नाटकी आहे.

पगाराचा आकडा पेपरात येतो तो हातात येतो का?

देशावर आहे. इंग्लंडमध्ये आठवड्याचा आणि टॅक्स कापायच्या आधीचा आकडा सांगतात, इटलीत वर्षाचा आणि बहुतेक वेळा हातात पडणारा. दोन्ही आकडे शेजारी ठेवून भांडणारे फॅन बघितले की हसू येतं. टॅक्सची सवलत बघून देश निवडणारे पण आहेत, स्पेनचा 2005 चा तो "बेकहॅम लॉ" प्रोफेशनल प्लेयर्ससाठी 2015 ला बंद झाला, इटलीने पण 2024 पासून तशीच सवलत काढली. इमेज राईट्सचे पैसे बाहेरच्या कंपन्यांत फिरवून 4.1 मिलियन युरो टॅक्स चुकवला म्हणून मेस्सी आणि त्याच्या वडिलांना 2016 ला शिक्षा झाली होती. मी फक्त खेळत होतो, कागद वडील बघायचे, हे कोर्टाने ऐकलं नाही.

क्लब नॅशनल टीमला सोडत नाही असं होऊ शकतं?

फिफाने इंटरनॅशनल मॅचसाठी ठरवलेल्या तारखांमध्ये, म्हणजे इंटरनॅशनल विंडोमध्ये नाही, सोडावंच लागतं. इंज्युरी झाली आणि 28 दिवसांहून जास्त बाहेर राहिला तर फिफाची स्कीम क्लबला पगाराची भरपाई देते, दिवसाला 20,548 युरोपर्यंत, एका प्लेयरसाठी कमाल 7.5 मिलियन.

पण विंडोच्या बाहेरच्या स्पर्धांना क्लब नाही म्हणू शकतो. सॉनचं 2018 चं एशियन गेम्स तसंच होतं, टॉटनहॅमवर बंधन नव्हतं. गोल्ड मिळालं तर त्याची कोरियातली मिलिटरी सर्व्हिस माफ होणार होती, नाही मिळालं तर ऐन भरात करिअर थांबणार. टॉटनहॅमने सोडला, बदल्यात कोरियाने नोव्हेंबरच्या मॅच आणि पुढच्या एशियन कपच्या पहिल्या दोन मॅचला त्याला बोलवायचं नाही असं ठरलं. कोरिया जिंकली. त्याला फक्त तीन आठवड्यांचं बेसिक ट्रेनिंग करायला लागलं, ते त्याने 2020 ला लीग बंद असताना उरकलं.

एका देशाकडून खेळून दुसऱ्या देशाकडून खेळता येतं का?

2020 पासून येतं, अटींसह : पहिल्या देशाकडून पहिली ऑफिशियल मॅच खेळताना दुसऱ्या देशाचं नागरिकत्व असलेलं पाहिजे, सीनियर टीमकडून तीनपेक्षा जास्त मॅच नकोत, त्या 21 वर्षांच्या आत खेळलेल्या पाहिजेत, आणि शेवटच्या मॅचला तीन वर्षं होऊन गेलेली पाहिजेत. मुनीर नावाचा प्लेयर 2014 मध्ये स्पेनकडून काही मिनिटं खेळला होता, 2021 मध्ये मोरोक्कोकडून खेळू शकला.

आणि हे सगळं किती वर्षं चालतं?

बहुतेकांचं 35 च्या आसपास थांबतं, इंज्युरी असेल तर बरंच आधी. शेवटची दोन-तीन कॉन्ट्रॅक्टं एकेका वर्षाची असतात आणि दर जूनमध्ये घर बदलायची तयारी. लुट्झ फानेनश्टील नावाचा जर्मन गोलकीपर असाच फिरत फिरत फिफाच्या सहाही कॉन्फेडरेशनमध्ये, म्हणजे खंडांच्या संघटनांमध्ये, क्लब फुटबॉल खेळला, असं करणारा पहिला प्रोफेशनल. आणि तो मिउरा, 15 व्या वर्षी ब्राझीलला गेलेला, 2023 मध्ये वयाच्या 55 व्या वर्षी पोर्तुगालच्या सेकंड डिव्हिजनमध्ये ओलिव्हेरेंसेकडे लोनवर गेला. मिनिटं थोडीच मिळाली, पण मिळाली.